नगाला बारा रुपये : वाचकांचे प्रश्न

घरबसल्या काम, ठेक्यावरचे काम, माग, भंगार, घरकाम. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. उत्तरांत जिथे ‘समजा’ म्हटले आहे तिथले आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालून पाहावे.

प्रश्न : आमच्या गल्लीत बारा-पंधरा जणी लेडीज टॉपच्या गळ्याला मणी-टिकल्या लावायचं काम घरी करतो. माल एक्स्पोर्टचा आहे असं ठेकेदार सांगतो. नगाला १२ रुपये मिळतात. दिवसभर सुई खाली ठेवत नाही, तरी आठवडा हजाराच्या वर जात नाही. हा दर बरोबर आहे का, ते कसं ओळखायचं? आणि परदेशात हजारोंना विकल्या जाणाऱ्या कपड्याचे आमच्यापर्यंत १२ रुपयेच का येतात?
— धारावी, मुंबई

दर ओळखायचा तर घड्याळ लावावे लागेल. एकच नग मोजू नका, कारण मोजायला बसले की पहिला नग नेहमी भराभर होतो. सलग दहा नग मोजा. त्यातले पाच दुपारी आणि पाच रात्री दिव्याखाली करा. गल्लीतल्या सगळ्यात चपळ बाईचा वेळ धरू नका. ठेकेदार नेमका तिचाच वेळ धरून दर सांगतो. मधल्या वेगाच्या तिघींची सरासरी काढा. शाळेतून आलेली मुलगी मणी निवडून देत असेल, सुईत दोरा ओवून देत असेल, तर तिची मिनिटेही यातच धरायची. ती सोडली की हिशेब खोटा पडतो, आणि घरोघरी ती सोडलीच जातात.

समजा दहा नगांना ५ तास २० मिनिटे लागली. म्हणजे नगाला ३२ मिनिटे झाली. ६० नगांचा गठ्ठा आणणे, मोजून घेणे, परत नेऊन देणे आणि तिथे ताटकळणे यात मिळून दोन तास जातात. ते ६० नगांवर वाटले की नगामागे २ मिनिटे वाढतात. गठ्ठ्यातले चार नग ‘टिकली सैल आहे’ म्हणून परत येतात आणि प्रत्येकाला १५ मिनिटे जातात. त्याचे नगामागे आणखी एक मिनिट धरा. एकूण ३५ मिनिटे झाली. आता खर्च पाहू. सुया, दोरा आणि दिव्याचे मिळून नगाला ५० पैसे, आणि रिक्षाचे ६० रुपये ६० नगांवर वाटून एक रुपया. १२ रुपयांतून दीड रुपया गेला की साडेदहा उरतात. ३५ मिनिटांना साडेदहा, म्हणजे तासाला १८ रुपये.

हे कशाशी ताडून पाहायचे? महाराष्ट्रात किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाई निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो. दर उद्योगाप्रमाणे, कौशल्याप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे वेगळा असतो. चालू सहामाहीचे पत्रक कामगार कार्यालयात मिळते. त्यावरचा महिन्याचा आकडा २६ ने भागला की दिवसाचा दर निघतो आणि त्याला ८ ने भागले की तासाचा. समजा महिन्याला १३,००० असतील, तर दिवसाला ५०० आणि तासाला ६२ रुपये ५० पैसे होतात. ३५ मिनिटांचे साडेछत्तीस आणि वर खर्चाचा दीड रुपया धरला, तर तुमच्या टॉपचा दर नगाला ३८ रुपये यायला हवा होता. मिळतात बारा.

३८ मागून उद्या ३८ मिळणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. पण ‘परवडत नाही हो’ म्हटले की ठेकेदार हसून सोडून देतो. ‘नगाला ३५ मिनिटे लागतात आणि तासाला १८ पडतात’ असे म्हटले की त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. बोलणी नमुना हातात आला की लगेच करायची, गठ्ठा घरात आल्यावर नाही. नमुना एकीने करून पाहायचा, वेळ काढायचा आणि दर सगळ्यांनी मिळून सांगायचा. एकटीने सांगितले तर माल शेजारच्या गल्लीत जातो. दोन-चार गल्ल्यांनी एकच आकडा धरला तर माल फिरवायला जागा राहत नाही. शिपमेंटची तारीख ठेकेदाराच्या डोक्यावर असते, तुमच्या नाही.

एक वही ठेवा. माल आला ती तारीख, डिझाइनचा नंबर, नग, ठरलेला दर, दोरा-मणी कुणाचे, माल परत दिल्याची तारीख, परत आलेले नग आणि मिळालेले पैसे एवढे तिच्यात हवे. दर ठरला की तोच मजकूर ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा. तो ‘ओके’ म्हणाला तरी पुरावा झाला आणि काही बोलला नाही तरी संदेश राहतोच. गठ्ठ्याचा चिठ्ठीसकट फोटो काढून ठेवा. पैसे थकले म्हणून माल मात्र अडवून ठेवू नका. माल त्याचा असतो, त्यामुळे उलट तुमच्यावरच चोरीची तक्रार होऊ शकते. माल मोजून द्या, सही घ्या आणि मजुरीचे भांडण वेगळे चालवा.

आता बाराच का येतात ते पाहू. परदेशातली किंमत तुमच्या मजुरीपासून वर चढत जाऊन ठरत नाही. ती आधी दुकानात ठरते आणि मग खाली उतरत येते. दुकानाचे भाडे, तिथला कर, वाहतूक, जाहिरात, सेलमध्ये पडून राहणाऱ्या मालाचा तोटा आणि कंपनीचा नफा वजा झाल्यावर जे उरते त्यात निर्यातदाराला माल बंदरावर पोचवायचा असतो. त्याच्याकडे कापड, झिप, बटणे आणि बँकेचे व्याज यांचे भाव बांधलेले असतात. ताणता येईल अशी रक्कम फक्त शिलाई आणि हातकामाची. तीतूनही बायिंग हाउस (परदेशी कंपनीसाठी माल घेणारा मधला दलाल), कारखाना, मोठा ठेकेदार आणि गल्लीतला ठेकेदार आपापला वाटा काढतात. श्रीमंत देशांनी कापड-कपड्यांवर घातलेला कोटा १ जानेवारी २००५ ला संपला. तोवर कोणत्या देशातून किती माल घ्यायचा याला मर्यादा होती. ती गेल्यावर खरेदीदार ढाक्याचा आणि मुंबईचा भाव एकाच टेबलावर ठेवू लागला.

दराहून मोठी गोष्ट मात्र जोखमीची आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा आयातशुल्क लावले आणि कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या. कारखान्यात पगारावर बाई ठेवली असती तर मालकाला तिला बसून पगार द्यावा लागला असता. घरी काम देणाऱ्याला फक्त गठ्ठा पाठवणे थांबवायचे असते. मंदीतले पगार वाचवणे हाच घरी काम देण्यातला खरा नफा आहे, असे आमचे मत आहे. परदेशी कंपन्यांची तपासणीही सहसा कारखान्याच्या फाटकाशी संपते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून माल करून देणाऱ्या मजुरांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

प्रश्न : विडी वळते. कारखानदार म्हणतो, तुम्ही घरी काम करता, वेळ तुमची, जागा तुमची, मग तुम्ही आमच्या कामगार कशा? पीएफची गोष्ट काढली की हेच ऐकवतात.
— सोलापूर

हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच मिटवला आहे. ‘पी. एम. पटेल अँड सन्स’ या खटल्यात घरी विडी वळणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे, असा निकाल झाला. त्यातला मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. विडी नीट नसेल तर ती छाटून बाजूला टाकण्याचा हक्क कारखानदाराकडे आहे, आणि कामावर देखरेख असते ती हीच. ज्या छाटीने तुमची मजुरी कापली जाते तीच छाट तुम्ही त्याच्या कामगार असल्याचा पुरावा आहे. म्हणून छाट किती निघाली हे रोज वहीत लिहायला लावा.

नेहमी गडबड होते ती दोन ठिकाणी. सासू आणि सून दोघी वळतात पण नाव एकीचेच असते, त्यामुळे दुसरीची सगळी वर्षे हवेत जातात. दुसरे म्हणजे पान कमी किंवा फाटके मिळते, हजाराचा भरणा करायला बाजारातून पान विकत आणावे लागते आणि ते मजुरीतून जाते. पान घेताना तिथेच वजन करून घ्या.

धारावीच्या वाचकांसाठीही थोडे इथेच सांगतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या व्याख्येत माल घरी नेऊन करून देणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेच्या व्याख्येत तो शब्द नाही. घरी काम करणारे सामाजिक सुरक्षा संहितेत ‘असंघटित’ म्हणून येतात. त्यामुळे आपण आस्थापनेचे कामगार आहोत हे दाखवण्यासाठी माल त्यांचा, डिझाइन त्यांचे, दर त्यांचा आणि नाकारण्याचा हक्कही त्यांचा, हे सारे कागदावर असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. वेतन संहितेत उपयोगी पडतील अशा दोन गोष्टीही आहेत. थकलेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी किमान वेतनासाठी सहाच महिने मिळत. आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

प्रश्न : माझे आठ साधे यंत्रमाग आहेत. व्यापारी बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) आणि सूत देतो, मी कापड विणून देतो. लोक मला कारखानदार म्हणतात. महिनाअखेर मात्र माझ्याकडे कामगारापेक्षा कमी उरतात. मी मालक की मजूर?
— इचलकरंजी

तुमच्या गावात याला ‘खर्चीवाला’ असा नेमका शब्द आहे. जगाच्या आकडेशास्त्राला तो सुचायला २०१८ उजाडले. त्या वर्षी श्रम-आकडेशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘अवलंबित कंत्राटदार’ असा वेगळा वर्ग मान्य केला. साधने स्वतःची असतात, पण काम, भाव आणि बाजार दुसऱ्याच्या हातात असतो, असे लोक या वर्गात येतात. तुम्ही त्यातलेच.

हिशेब करून पाहू. एका इंचात ५२ पीक (आडवे धागे) आणि मीटरला ३९.३७ इंच, म्हणजे मीटरभर कापडाला सुमारे २,०४७ पीक पडतात. माग मिनिटाला १६० पिकांनी चालतो आणि कार्यक्षमता ८० टक्के आहे असे धरले, तर मीटरला १६ मिनिटे लागतात. बारा तासांच्या पाळीत ४५ मीटर निघते. आठ माग आणि दोन पाळ्या मिळून दिवसाला ७२० मीटर होते. समजा जॉबरेट, म्हणजे विणाईची मजुरी, इंचातल्या दर पिकामागे मीटरला १० पैसे आहे, तर मीटरला ५ रुपये २० पैसे आणि दिवसाला ३,७४४ रुपये येतात.

खर्चाचे आकडेही समजा म्हणूनच. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण युनिट घेते. आठ मागांना चोवीस तासांत १४४ युनिट लागतात आणि युनिटला ५ रुपये धरले तर ७२० होतात. कामगारांना मीटरला १ रुपया ८० पैसे, म्हणजे १,२९६. कांडीवाला (आडव्या सुताच्या कांड्या भरणारा) आणि जॉबर (माग दुरुस्त करणारा) ३५०, सुटे भाग आणि तेल २५०, शेडभाडे ३००, कापडातल्या दोषांची कपात १५०. बेरीज ३,०६६ झाली आणि शिल्लक ६७८ राहिली.

आता सूत कमजोर आले किंवा सायझिंग (धाग्याला खळ देणे) नीट झाले नाही, धागा वारंवार तुटला आणि कार्यक्षमता ८० वरून ७० वर आली असे समजा. कापड ६३० मीटर निघते आणि ३,२७६ रुपये येतात. कामगारांचे १,१३४ होतात, बाकी खर्च बहुतेक तेवढाच राहतो. शिल्लक ३७२. दहा टक्क्यांच्या फरकात कमाई जवळजवळ निम्मी झाली, आणि सूत तुमचे नव्हतेच. म्हणून दराच्या भांडणाइतकेच सुताच्या दर्जाचे भांडण महत्त्वाचे आहे. बीम लावल्यावर पहिल्या दिवसाचे धागे किती तुटले ते मागावर खडूने मांडा आणि व्यापाऱ्याला त्याच दिवशी दाखवा. बीम संपल्यावर केलेली तक्रार कुणी ऐकत नाही.

जगाचा बाजार तुमच्या शेडमध्ये दोन दारांनी येतो. कापसाचा भाव जगभर एकमेकांशी जोडलेला आहे. तो खालीवर व्हायला लागला की व्यापारी सूत उचलत नाही आणि तुमचे बीम रिकामे राहते. सूत महागल्याचा तोटा तुमच्या नावावर नसतो, पण माग बंद राहिल्याचा असतो. दुसरे दार यंत्राचे आहे. परदेशातून आलेले, बऱ्याचदा जुने, रेपिअर आणि एअरजेट माग तुमच्या मागाच्या कितीतरी पट वेगाने चालतात आणि साध्या मागाचा जॉबरेट त्यांच्या भावाला बांधला जातो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे कापड भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांकडे वळले. पाळीचा पगार, पीएफ आणि रजा असलेले काम तेव्हा मीटरच्या मजुरीत उतरले. आज तीच गत मीटरवाल्यांची होते आहे.

प्रश्न : पुठ्ठा आणि प्लॅस्टिक वेचून विकतो. महिन्याभरात पुठ्ठ्याचा भाव एकदम उतरतो. दुकानदार म्हणतो, ‘वरून पडला’. हे वर म्हणजे कुठे? का तोच खोटं बोलतो?
— पुणे

दोन्ही शक्य आहे. आधी ‘वर’ म्हणजे कुठे ते सांगतो. रद्दी आणि पुठ्ठ्याचा खरा गिऱ्हाईक कागद कारखाना. त्याच्यापुढे तुमचा पुठ्ठा आणि अमेरिका-युरोपातून जहाजाने आलेला पुठ्ठा असे दोन पर्याय असतात. २००८ च्या शरदात जगात मंदी आली, खोक्यांची मागणी आटली आणि काही आठवड्यांत भंगाराचे भाव कोसळले. २०१८ पासून चीनने परदेशी कचऱ्याला दारे लावली आणि अर्ध्या टक्क्याहून जास्त मिसळ असलेला माल घेणे बंद केले. तिकडे जाणारा पुठ्ठा भारतासारख्या देशांकडे स्वस्तात वळला आणि इथल्या वेचकाचा भाव दबला. प्लॅस्टिकची दोरी खनिज तेलाच्या हाती आहे. तेल स्वस्त झाले की नव्या प्लॅस्टिकचे दाणे स्वस्त होतात आणि मग जुन्या प्लॅस्टिकला कुणी विचारत नाही.

दुकानदार खोटे बोलतो का, हे ओळखायला दोन-तीन दुकानांचे भाव एकाच दिवशी विचारा. सगळीकडे पडला असेल तर ‘वरून’ पडला. एकाच दुकानात पडला असेल तर त्याची उचल तुमच्या डोक्यावर आहे का ते पाहा. उचल घेतलेल्या माणसाला भाव नेहमी कमी मिळतो. ते न लिहिलेले व्याज असते.

भाव तुमच्या हातात नाही, पण वजन आणि प्रत काही अंशी आहे. एक-एक लिटरच्या पाच बाटल्या पाण्याने काठोकाठ भरून काट्यावर ठेवा. पाण्याचेच पाच किलो होतात आणि बाटल्यांचे थोडे वर दिसते. पाचपेक्षा कमी दाखवले तर काटा खोटा आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा त्या वर्षाचा शिक्का हवा. पुठ्ठा ओला असेल तर दुकानदार अंदाजाने ‘पाणी’ कापतो आणि हा अंदाज कधी तुमच्या बाजूने नसतो. म्हणून पावसाळ्यात प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून, वाळवून विका. मिक्स विकू नका. पांढरा कागद, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लॅस्टिक आणि पन्नी वेगळे करा. बाटल्यांची झाकणे आणि लेबल काढले की त्यांना वरची प्रत लागते. वेगळे करायला अर्धा-पाऊण तास जातो. तो वसूल होतो की नाही, हे आठवडाभर दोन्ही तऱ्हेने विकून पाहा. दुकान लांब असेल आणि माल थोडा असेल तर कधीकधी होत नाही, हेही खरे.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. तिथे घरोघरी मिळणारे सेवाशुल्क ही भंगाराच्या भावाशी न बांधलेली कमाई आहे, आणि भाव पडलेल्या महिन्यात चूल तिच्यावर पेटते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी वेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. ओळखपत्र नसेल तर आधी ते काढा. माल कुठून आणला असे पोलिसांनी विचारले तर तेच उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्या प्राध्यापकांच्या मते जागतिकीकरणाने गरिबी घटली. मित्र म्हणतात, वाढली. परीक्षेत काय लिहू? शिवाय माझा भाऊ चाकणला मोठ्या कंपनीत ठेक्यावर आहे. तो संघटित की असंघटित?
— नांदेड

परीक्षेत दोन आकडे शेजारी ठेवा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने भारतातली दारिद्र्यरेषेखालची लोकसंख्या २००४–०५ मध्ये ३७.२ टक्के होती आणि २०११–१२ मध्ये २१.९ टक्के. घट खरी आहे. पण त्याच काळात दहापैकी सुमारे नऊ कामकरी अनौपचारिकच राहिले. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००७ मध्ये सांगितले की २००४–०५ मध्ये ७७ टक्के लोक, म्हणजे ८३.६ कोटी, माणशी रोज २० रुपयांपर्यंतच्या खर्चात दिवस काढत होते. यातले बहुतेक सरकारी रेषेच्या वर होते. रेषा ओलांडणे वेगळे आणि एका बाळंतपणाने किंवा एका अपघाताने परत खाली न येणे वेगळे. व्यापार वाढला, काम वाढले, पण ते काम रजा, विमा आणि नोटीस यांच्याशिवायचे होते. म्हणून दोघांचेही अर्धे-अर्धे बरोबर आहे. जगभर पाहिले तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात अनौपचारिक काम करणारे २०० कोटी, म्हणजे कामकऱ्यांपैकी ६१ टक्के, मोजले आहेत.

भावाची गोष्ट अशी. श्रम-आकडेशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९९३ च्या व्याख्येत ‘अनौपचारिक’, म्हणजे आपल्या बोलण्यातले असंघटित, हे दुकान किंवा उद्योग पाहून ठरत होते. २००३ मध्ये नोकरी पाहून ठरवायची पद्धत आली. त्यामुळे कंपनी कितीही मोठी असली तरी पीएफ, पगारी रजा आणि आजारपणाचे संरक्षण नसेल तर तुझ्या भावाची नोकरी अनौपचारिक. त्याला एवढे करायला सांग. पीएफला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्यायचा, किंवा ‘ईपीएफओएचओ यूएएन एमएआर’ ही अक्षरे इंग्रजीत टाइप करून ७७३८२९९८९९ वर पाठवायची. शेवटची भरणी मराठीत येते. पगारपत्रकात कपात दिसते आणि इथे भरणा दिसत नाही, असे असेल तर पगारपत्रकाचा फोटो ठेवून पीएफ कार्यालयात तक्रार करायची. ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढू द्यायचा नाही, जुनाच द्यायचा. दर अकरा महिन्यांनी नवा क्रमांक निघाला की सेवेची वर्षे तुकड्यांत पडतात आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षे कागदावर भरतच नाहीत. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्डही मागायचे. त्यात कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के जातात.

प्रश्न : आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी ५२ वर्षांच्या आहेत. पाच घरची कामं करतात. त्यांना कोणत्या योजना मिळतील? सगळीकडे वय आडवं येतं.
— ठाणे

वय आडवे येते हे खरे. श्रमयोगी मानधन आणि अटल पेन्शन या पेन्शन योजना १८ ते ४० साठी आहेत. जीवन ज्योती विम्यात ५० नंतर नव्याने शिरता येत नाही. उरतात त्या गोष्टी पुढीलप्रमाणे. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, ५९ पर्यंत होते आणि ती फुकट आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक खाते लागते. मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही. मग सीएससी (सरकारी कामांच्या सुविधा) केंद्रात बोटाच्या ठशावर होते, पण भांडी घासून ठसे झिजलेले असतील तर तेही अडते. आधी आधार केंद्रात मोबाइल जोडून घ्या. पूर्वी कधी ठेक्यावर काम करून पीएफचे खाते निघाले असेल तर नोंदणी अडू शकते. ते आधी तपासा. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयात नोंदणी होते आणि त्यासाठी तुम्ही काम देता असे लिहून द्यावे लागते. हे लिहून द्यायला बरीच घरे कचरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. रेशनकार्डावर मावशींचे नाव आधारप्रमाणेच आहे का ते आजच पाहा. दवाखान्यात दाखल झाल्यावर नाव दुरुस्त होत नाही.

पेन्शनच्या जागी तुम्ही पाच घरांनी मिळून काही करू शकता. प्रत्येक घराने महिन्याला १०० रुपये दिले तर मावशींच्या नावाने पोस्टात ५०० रुपयांचे आवर्ती खाते उघडता येते. पाच वर्षांनी सुमारे ३५ हजार होतात. हे पगारातून कापायचे नाहीत, वरचे द्यायचे. सुट्टीचे चार दिवस पगारी धरणे आणि तुम्ही गावाला गेलात तरी त्या महिन्याचा पगार देणे, हे मात्र कुठल्याही योजनेपेक्षा त्यांच्या हातात लगेच पडते.

सुरक्षा विमा योजना ७० पर्यंत चालते. वर्षाला २० रुपये भरायचे आणि अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख मिळतात. मुदत १ जून ते ३१ मे असते. मेच्या शेवटी खात्यात २० रुपये नसले की विमा गुपचूप बंद पडतो आणि ते अपघातानंतरच कळते. म्हणून मेच्या मध्यावर पासबुक भरून आणा आणि वारसाचे नाव लागले आहे का ते बँकेत विचारा. घरात कुणाला तरी विमा आहे हे सांगून ठेवा. अपघात झाला तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. विहिरीत किंवा नाल्यात पडून गेलेल्या माणसाला घरचे लोक हे कागद न करताच अग्नी देतात, आणि मग दावा तिथेच संपतो.